प्रकाश-उत्प्रेरक आणि धातूचे नॅनोकण : पार्श्वभूमी

प्रकाश शोषून रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक. टायटॅनियम डायऑक्साइड हा असाच एक, भिंतीच्या रंगातली पांढरी पूड. प्रकाशात ती आपल्या लगतचे रंग विटवते, हे गुडइव्ह आणि किचनर यांनी १९३८ मध्येच तपासलं होतं. रंगवाल्यांच्या लेखी मात्र हा निव्वळ दोष. त्याचा गुण झाला १९७२ मध्ये, जेव्हा जपानच्या अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी या पदार्थाच्या स्फटिकावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन केलं : स्फटिकापाशी ऑक्सिजन, तारेने जोडलेल्या प्लॅटिनमपाशी हायड्रोजन. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव भडकले आणि या शोधाकडे जगाचं लक्ष गेलं.

दोन अडचणी मात्र सुरुवातीपासून होत्या. एक म्हणजे हा पदार्थ जवळपास फक्त अतिनील किरणच शोषतो, आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम ४-५ टक्के. दुसरी कमी बोलली जाते, पण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन उसळी घेतो आणि मागे धनप्रभारित पोकळी राहते. दोघांनी पृष्ठभाग गाठला तरच रासायनिक क्रिया घडणार. प्रत्यक्षात बहुतेक जोड्या वाटेतच पुन्हा एकत्र येतात आणि मिळवलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते.

यावरचा पहिला चांगला उपाय टेक्सास विद्यापीठातल्या क्रॉयटलर आणि बार्ड यांचा. १९७८ मध्ये त्यांनी प्रकाशाच्याच मदतीने पुडीच्या कणांवर प्लॅटिनम बसवलं. धातू इलेक्ट्रॉन ओढून घेतो, पोकळी मागे राहते. तारेची गरजच संपली. वाट आखूड करणं हा दुसरा उपाय. कण काही नॅनोमीटरचा केला की प्रभाराला पृष्ठभाग जवळ पडतो आणि क्रियेला जागाही वाढते. १९९८ मध्ये कासुगा आणि सहकाऱ्यांनी याच पदार्थाच्या नॅनोनळ्या बनवल्या. अर्थात लहान म्हणजे चांगलं, इतकं हे सरळ नाही : पृष्ठभागावरचे दोषही प्रभार अडवतात.

सोनं आलं ते पहिल्या अडचणीवर. त्याचे नॅनोकण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश जोरात शोषतात, कारण त्यांच्यातले इलेक्ट्रॉन एकत्र डोलतात. याला प्लाझमॉन म्हणतात. २००५ मध्ये तियान आणि तात्सुमा यांनी सोन्याकडून टायटॅनियम डायऑक्साइडकडे इलेक्ट्रॉन जातात, हे दाखवलं. पुढे यावर शोधनिबंधांचा पाऊस पडला. काही प्रयोगांत दिसलेला वेग इलेक्ट्रॉनांचा की नुसत्या तापलेल्या धातूचा, हा वाद अजून मिटलेला नाही.

सर्वात देखणं काम २०२० चं, काझुनारी डोमेन यांच्या गटाचं. ॲल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या (स्ट्रॉन्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजनच्या संयुगाच्या) स्फटिकात इलेक्ट्रॉन काही पैलूंकडे जातात, पोकळ्या इतरांकडे. पहिल्या पैलूंवर ऱ्होडियम, दुसऱ्यांवर कोबाल्टचं संयुग बसवलं. ऱ्होडियमवर क्रोमियम ऑक्साइडचं कवचही चढवलं, नाहीतर तयार झालेल्या हायड्रोजनचं तिथेच पुन्हा पाणी होतं. ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशकणांपैकी कामी आलेल्यांचं प्रमाण, ९६ टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे दुसरी अडचण जवळजवळ सुटली.

पहिली तशीच आहे. याच गटाने २०२१ मध्ये १०० चौरस मीटरची पॅनेल उन्हात चालवली, तेव्हा सौरऊर्जेचं हायड्रोजनमध्ये रूपांतर जास्तीत जास्त ०.७६ टक्के झालं. दृश्य प्रकाश शोषणाऱ्या ऑक्सिनायट्राइड आणि ऑक्सिसल्फाइडवर (ऑक्सिजनबरोबर नायट्रोजन किंवा गंधक असलेल्या संयुगांवर) आता भर आहे. पण त्यांच्यात प्रभार इतका नीट वेगळा राहत नाही.