गिब आवळण्याआधी एवढं वाचा
पॉवर प्रेस वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"साहेब, एका बाजूने बर येतोय. गिब आवळून बघितले, तर आता रॅम गरम होतोय." (बर म्हणजे कापलेल्या पत्र्याच्या कडेला राहणारी धारदार कोर, रॅम म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग, आणि गिब म्हणजे रॅमला सरळ धरणाऱ्या बाजूच्या पट्ट्या.) प्रेस दुरुस्तीसाठी आम्हाला येणारे बरेच फोन असेच सुरू होतात. भोसरीतून येवो की शिरोलीतून, शब्दसुद्धा तेच. म्हणून हा कागद छापला. ऑफिसच्या फायलीत न ठेवता प्रेसजवळच्या भिंतीवर चिकटवा.

बर दिसला की पहिला संशय टूलवर जातो. पंच (टूलचा वरचा कापणारा भाग) ग्राइंडिंगला जातो, दोन दिवस बरा चालतो, पुन्हा तेच. टूलरूमचा दोष प्रत्येक वेळी नसतो. १ मिलिमीटर माइल्ड स्टीलच्या पत्र्याला कटिंग क्लिअरन्स (पंच आणि खालचा डाय यांमधली फट) एका बाजूला साधारण ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर ठेवतात. रॅममध्येच ०.१५ चा प्ले (ढिलेपणा) असेल, तर पंच डायच्या मधोमध उतरणार कसा? एका अंगाला तो डायच्या कडेला घासतो आणि धार जाते, दुसऱ्या अंगाला फट वाढते आणि तिथे बर येतो. टूलचे पिलर (मार्गदर्शक खांब) सांभाळून घेतील, असं पुष्कळ जण म्हणतात. पिलर पंच आणि डाय जुळवायला असतात, झिजलेला प्रेस सरळ करायला नाहीत. पिलरचे बुश एकाच बाजूने चकाकत असतील, तर आधी प्रेस तपासा.

आता गिबचं. गिब पूर्ण लांबीवर सारखा झिजत नाही. टूल मध्यापासून सरकवून बांधलं असेल, तर प्रत्येक फटक्याला रॅम तिरका होऊ पाहतो. मग एका गिबचं खालचं टोक झिजतं आणि समोरच्याचं वरचं. सी-फ्रेम प्रेसमध्ये लोड आला की फ्रेम पुढून थोडी उघडते, त्याचीही भर पडते. अशा गिबचे बोल्ट आवळले की जिथे झीज नाही तिथे रॅम आधी पकडला जातो. झिजलेल्या जागी प्ले तसाच राहतो. पकडलेल्या जागचा ऑइलचा थर पिळून निघतो, रॅम तापतो आणि ओरखडे पडतात.

आमचाही वेळ इथेच जातो. आवळलेल्या गिबवर मूळ प्ले मोजताच येत नाही. सगळं सोडा, ओरखडे काढा, मग मोजमाप. अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं आणि तेवढा वेळ तुमची लाइन बंद.

त्याऐवजी एक डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं मापयंत्र) घ्या. मेन स्विच बंद करून कुलूप लावा, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या, टूल उतरवा. रॅमखाली हात घालण्याआधी भक्कम ठेपा द्या, यात सूट नाही. मग तीन रीडिंग घ्या. रॅम खालच्या टोकाला असताना पहारीने डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे ढकलून प्ले किती. बोल्स्टर (टूल बांधतात ती खालची प्लेट) पुसून, त्यापासून रॅमच्या चारही कोपऱ्यांची उंची किती. आणि जॅकने रॅम हळूच वर उचलला तर डायल किती फिरते. हे तिसरं रीडिंग कोणीच घेत नाही. ते मोठं आलं, तर झीज क्रँकच्या बुशमध्ये किंवा कनेक्टिंग रॉडच्या बॉल सीटमध्ये आहे. तिथे गिब कितीही आवळा, फरक पडणार नाही.

आमचं बिल जास्त वाटतं, हे आम्ही ऐकतो. शिम (पातळ पत्र्याची पट्टी) टाकून संध्याकाळपर्यंत प्रेस चालू करून देणारे आहेत, आणि डिस्पॅच अडलेला असताना ती गरज आम्हालाही कळते. पण शिम गिबला फक्त मागून ढकलते, वाकडी झिजलेली बाजू वाकडीच राहते. आम्ही गिब काढून, ब्ल्यू (टच कुठे होतो ते दाखवणारा निळा रंग) लावून, पूर्ण लांबीवर टच येईपर्यंत स्क्रॅपिंग करतो, म्हणजे हाताने खरवडतो, आणि आधीची-नंतरची रीडिंग लिहून देतो. बऱ्याच वेळा जुनेच गिब वापरता येतात. नवे लागलेच, तर गन मेटलचे मापाने बनवतो. जुन्या ग्राहकांच्या प्रेसची रीडिंग वर्षातून एकदा मोफत घेतो. त्यासाठी दोन दिवस आधी कळवा.

फोन करताना प्रेस किती टनाचा, स्ट्रोक किती आणि ही तीन रीडिंग सांगा. बर आलेला एक पीस जपून ठेवा आणि त्याची कोणती बाजू ऑपरेटरकडे होती ते मार्करने त्यावर लिहा. तो पीस पाहिला की कोणता गिब आधी उघडायचा, हे निघण्यापूर्वीच ठरवता येतं.