श्राव्य प्रसंगाचे चाहता-अ‍ॅनिमेशन : ‘हिचहायकर्स गाइड’मधील देवमासा

रेडिओवर गाजलेल्या विज्ञानविनोदी मालिकेतला एखादा लाडका प्रसंग निवडायचा, त्याचे मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे ठेवायचे आणि त्यावर स्वतःच्या हौसेने हलती चित्रे रचायची, अशी ही प्रथा आहे. आवाज, शब्द, विराम, संगीत हे सारे आधीच ठरलेले असते. चित्रकार त्यात फक्त चित्राची भर घालतो. या प्रथेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे डग्लस अ‍ॅडम्स (१९५२–२००१) या ब्रिटिश लेखकाच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ या बीबीसी मालिकेतील प्रसंगांवर चाहत्यांनी आणि अ‍ॅनिमेशनच्या विद्यार्थ्यांनी केलेले छोटे चित्रपट. त्यांतही आकाशातून कोसळणाऱ्या देवमाशाचा प्रसंग पुन्हा पुन्हा निवडला जातो. या नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

मालिकेचा पहिला भाग ८ मार्च १९७८ रोजी, बुधवारी रात्री साडेदहाला बीबीसी रेडिओ ४ वर प्रसारित झाला. त्या पहिल्या भागाचा निर्माता सायमन ब्रेट होता. पुढील भागांची निर्मिती जेफ्री पर्किन्सने केली. पहिल्या मालिकेत सहा भाग होते आणि शेवटच्या दोन भागांच्या लेखनात अ‍ॅडम्सला जॉन लॉइडची साथ होती. आंतरतारकीय महामार्गासाठी पृथ्वी पाडून टाकली जाते आणि आर्थर डेंट हा साधासुधा इंग्रज गृहस्थ घरातल्या कपड्यांनिशी अंतराळात जाऊन पडतो, हे कथेचे मूळ सूत्र. आर्थरचा आवाज सायमन जोन्सचा, तर ‘गाइड’ नावाच्या बोलक्या ग्रंथाचे निवेदन पीटर जोन्सचे. सदैव खिन्न असलेल्या मार्व्हिन या यंत्रमानवाला स्टीव्हन मूरने आवाज दिला होता. पुढे कादंबऱ्या, ध्वनिमुद्रिका, दूरदर्शन मालिका आणि २००५ सालचा चित्रपट अशी या कथेची अनेक रूपे झाली. पण जन्म रेडिओवरचा. अनेक चाहते आजही त्याच रूपाला मूळ मानतात आणि ते योग्यच आहे.

त्या काळातल्या बहुतेक विनोदी श्रुतिका प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित होत. लोक हसले की नट थांबत. अ‍ॅडम्सला मात्र रॉक संगीताच्या अल्बमसारखा थरावर थर रचलेला नाद हवा होता, त्यामुळे इथे प्रेक्षक नव्हते आणि हशाही नव्हता. बीबीसी रेडिओवर स्टीरिओत तयार झालेली ही पहिली विनोदी मालिका मानली जाते. पॅडी किंग्जलंड आणि बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉपमधील त्याच्या सहकाऱ्यांनी टेपचे तुकडे कापून जोडत, सिंथेसायझरवर सूर घडवत यंत्रांचे, यानांचे, परग्रहांवरच्या वाऱ्याचे आवाज तयार केले. काही नटांचे आवाज पुढे प्रक्रियेसाठी वेगळे मिळावेत म्हणून त्यांना चक्क कपाटासारख्या बंद जागेत उभे करून ध्वनिमुद्रण केले जाई. हशासाठी सोडलेल्या जागा नसल्याने संवादाची लय आजही घट्ट राहिली आहे. अ‍ॅनिमेशन करणाऱ्याला हे फार सोयीचे पडते, कारण चित्र थोपवून धरावे लागेल अशी रिकामी जागा ध्वनिपट्टीत नसते.

देवमाशाचा प्रसंग तिसऱ्या भागातला, २२ मार्च १९७८ रोजी प्रसारित झालेला. मॅग्राथिया या पुरातन ग्रहाची स्वयंचलित संरक्षणयंत्रणा नायकांच्या यानावर दोन क्षेपणास्त्रे सोडते. वाचण्याचा दुसरा मार्ग उरत नाही तेव्हा आर्थर ‘असंभाव्यता यंत्र’ सुरू करतो. त्याच्या प्रभावाने एका क्षेपणास्त्राचा स्पर्म व्हेल जातीचा देवमासा होतो आणि दुसऱ्याची पिटुनियाच्या फुलांची कुंडी. दोन्ही ग्रहाच्या पृष्ठभागापासून काही मैल उंचीवर अस्तित्वात येतात आणि खाली पडू लागतात. नुकत्याच जन्मलेल्या देवमाशाला स्वतःची ओळख करून घ्यायला पुरेसा वेळच नसतो. आपण कोण, इथे कशासाठी, पोटात हे काय होते आहे, अंगावरून जोराने काय वाहते आहे, असे प्रश्न तो उत्साहाने विचारतो आणि भेटेल त्या गोष्टीला नाव देतो. वारा, शेपूट, आणि शेवटी खालून वेगाने जवळ येणारी ती मोठी, सपाट, रुंद वस्तू. तिच्याशी आपली मैत्री होईल का, असे त्याला वाटते. मग धडक. कुंडीच्या मनात मात्र एवढाच विचार येतो की, हे पुन्हा घडते आहे.

या प्रसंगामागचे कारण अ‍ॅडम्सने सांगून ठेवले आहे. एका अमेरिकन गुप्तहेर मालिकेत माणसे पटापट मारली जात आणि त्यांच्या मरणाचे कोणाला काहीच वाटत नसे, हे त्याला खटकले. कथेला जिचा काडीचाही उपयोग नाही अशी एक व्यक्तिरेखा केवळ मरण्यासाठी निर्माण करायची आणि तिच्या मरणाने श्रोत्याला चटका लावायचा, असे त्याने ठरवले. प्रसारणानंतर प्रसंग निर्दय असल्याची तक्रार करणारी पत्रे त्याला आली, म्हणजे हेतू साधला. देवमाशाचा आवाजही स्टीव्हन मूरचाच. मार्व्हिनचा जडावलेला कंठ आणि या अर्भकाचे निरागस कुतूहल एकाच गळ्यातून आले, हे लक्षात आल्यावर मूरच्या अभिनयाची उंची कळते.

चित्रकाराला हा तुकडा का मोहवतो, याची कारणे त्याच्या रचनेतच आहेत. पात्र एकच, पार्श्वभूमी म्हणजे आकाश, सुरुवात आणि शेवट स्पष्ट, आणि मागचीपुढची कथा ठाऊक नसली तरी काही अडत नाही. एकट्या माणसाला काही महिन्यांत पुरा करता येईल असा हा जीव आहे. पण तो दिसतो तितका सोपा नाही. पूर्ण वाढलेला नर स्पर्म व्हेल साधारण १६ मीटर लांब असतो. त्याच्या लांबीचा जवळजवळ तिसरा हिस्सा डोके व्यापते. खालचा जबडा अरुंद, डोळे लहान आणि बाजूला. समोरून पाहिले तर चेहरा असा नाहीच. काहीजण त्याला मोठे डोळे आणि हसरे तोंड देऊन गोंडस करतात. काहीजण शरीररचना खरी ठेवून तोंड मिटलेलेच ठेवतात आणि बोलणे मनातले आहे असे मानून फक्त डोळा, बाजूचे पर आणि शेपटी यांतून भाव दाखवतात. दुसरा मार्ग अधिक कठीण आहे आणि माझ्या मते अधिक सकस. एवढ्या अगडबंब, ओबडधोबड देहातून तो कोवळा आवाज आला तरच विनोद आणि करुणा एकत्र उभ्या राहतात. देवमासा गोजिरवाणा केला की आवाजाने पेललेले काम चित्र पुन्हा एकदा करते आणि दोन्ही हलके पडतात.

पडण्याच्या वेगाचाही प्रश्न येतो. पृथ्वीइतके गुरुत्वाकर्षण धरले आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर १० किलोमीटर उंचीवरून पडायला सुमारे ४५ सेकंद लागतात. चित्रकाराचे घड्याळ मात्र भौतिकशास्त्राचे नसते, मूरच्या श्वासाचे असते. जमीन कधी दिसावी, ढग कधी संपावेत, हे त्या स्वगतातल्या वाक्यांवरून ठरते. जाणकार चित्रकार जमीन देवमाशाच्या आधी प्रेक्षकाला दाखवतात, म्हणजे तो शेपटीचे कौतुक करत असताना पाहणाऱ्याला पुढचे कळलेले असते. रेडिओवर हे शक्य नव्हते. तिथे जमीन शब्दांतूनच वर येते. चित्राने स्वतःची अशी भर घातली ती इथे.

कामाची पद्धत साधारण अशी. आधी ध्वनिपट्टी संगणकावर उघडून तिचे तरंग पाहत प्रत्येक शब्द, श्वास आणि विराम कोणत्या चौकटीवर (फ्रेमवर) येतो ते टिपतात. पूर्वी हे कागदी तक्त्यावर करत. त्याला एक्स-शीट किंवा डोप शीट म्हणतात. मग स्टोरीबोर्ड, आणि त्यातली स्थिरचित्रे ध्वनीवर बसवून केलेला कच्चा आराखडा, म्हणजे अ‍ॅनिमॅटिक. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर एका मिनिटाला १,४४० चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटी टिकवायचे, म्हणजे ‘ऑन टूज’, ठरवले तरी मिनिटाला ७२० रेखाटने लागतात. ओठांच्या हालचालीसाठी प्रत्येक अक्षराचे वेगळे तोंड काढत नाहीत. आठ-दहा ठरावीक आकार आलटून पालटून वापरतात, आणि ‘म’, ‘ब’, ‘प’ यांसाठी ओठ मिटले की बाकीचे डोळ्याला पटते. एकेकाळी ही मंडळी फ्लॅश या संगणकप्रणालीवर काम करत. आता ब्लेंडरसारखी विनामूल्य प्रणाली हाताशी असल्यामुळे द्विमित आणि त्रिमित दोन्ही प्रकार घरबसल्या होतात. काहीजण मातीच्या बाहुल्या किंवा कागदी कातरकाम वापरून एकेक चौकट छायाचित्रित करतात.

सर्वांत मोठी अडचण ध्वनीची असते. स्टुडिओतल्या व्यावसायिकाला संवाद, संगीत आणि ध्वनिपरिणाम यांच्या वेगळ्या पट्ट्या मिळतात. चाहत्याच्या हाती येते ती एकजीव झालेली प्रसारित स्टीरिओ पट्टी. वाऱ्याचा घोंघाट संवादाखाली कायमचा मिसळलेला असतो. तो कमी करता येत नाही, आणि चित्रातली नवी हालचाल ऐकू यावी म्हणून वेगळा आवाज घालायला गेले तर तो मूळ मिश्रणात परका वाटतो. म्हणून चांगले चाहता-चित्रपट ध्वनीला हात लावत नाहीत. कॅसेटवरचे कथाकथन पाठ असलेल्या मराठी श्रोत्याला हे पटकन उमजेल : कुठे निवेदक थांबतो, कुठे श्वास घेतो, हे ऐकणाऱ्याच्या अंगात भिनलेले असते आणि अर्ध्या क्षणाचा फरकही खुपतो.

निवडलेले ध्वनिमुद्रण कोणते, हेही पाहावे लागते. १९७९ मध्ये ध्वनिमुद्रिकेसाठी हीच कथा पुन्हा ध्वनिमुद्रित झाली, १९८१ च्या दूरदर्शन मालिकेसाठी आणखी एकदा, आणि २००५ च्या चित्रपटात देवमाशाला बिल बेलीने आवाज दिला. प्रत्येकाची लय निराळी आहे. मूळ रेडिओ मालिका १९८८ मध्ये कॅसेट आणि सीडीवर आली, त्यामुळे प्रसारण न ऐकलेल्या पिढीच्या कानातही मूळ लय बसली.

देवमाशाखालोखाल चाहत्यांना ओढ असते ती ‘गाइड’च्या नोंदींची. पीटर जोन्सच्या संथ, समजूतदार निवेदनावर चित्रे आणि अक्षरे हलवायची. या प्रकाराचा मानदंड १९८१ मध्येच ठरला. बीबीसी २ वरच्या सहा भागांच्या दूरदर्शन मालिकेत गाइडच्या पडद्यावर जे झळकते ते पाहणाऱ्याला संगणकचित्र वाटते. प्रत्यक्षात ते हाताने काढलेले होते. पिअर्स स्टुडिओत रॉड लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी रेखाटने काळ्या फिल्मवर उलटी उतरवली, रंगीत जिलेटिनमधून मागून प्रकाश टाकला आणि कॅमेऱ्याखाली चौकट चौकट टिपली. या कामाला बाफ्टा पुरस्कार मिळाला. स्टुडिओ आणि मालिकेचा निर्माता अ‍ॅलन बेल यांची गाठ घालून देणारा केव्हिन डेव्हिस हा तिथला तरुण अ‍ॅनिमेटर या रेडिओ मालिकेचा निस्सीम चाहता होता. म्हणजे अधिकृत अ‍ॅनिमेशनच्या मुळाशीही चाहत्याचीच आस होती. आजच्या कित्येक हौशी चित्रपटांत काळ्या पार्श्वभूमीवरच्या त्या चकाकत्या रेषा दिसतात, त्या तिथूनच आल्या.

आधी आवाज, मग चित्र, ही रीत जुनी आहे. १९६३–६४ मध्ये बीबीसीने ‘द गून शो’ या गाजलेल्या रेडिओ विनोदमालिकेच्या श्रुतिका बाहुल्यांकरवी दूरदर्शनवर आणल्या. आर्डमन स्टुडिओच्या निक पार्कने १९८९ मध्ये सामान्य माणसांच्या मुलाखतींचे आवाज प्राणिसंग्रहालयातल्या मातीच्या प्राण्यांच्या तोंडी घातले आणि ऑस्कर मिळवले. ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले अनेक भाग बीबीसीने पुसून टाकले, त्यांचा आवाज उरला तो घरोघरी टेप लावून बसलेल्या प्रेक्षकांमुळे. त्याच आवाजावर २००६ मध्ये ‘द इन्व्हेजन’ या कथेचे दोन हरवलेले भाग अ‍ॅनिमेशनने पुन्हा उभे राहिले. अ‍ॅडम्सने त्याच मालिकेसाठी लिहिलेली आणि १९७९ मध्ये संपामुळे अर्धवट राहिलेली ‘शाडा’ ही कथाही २०१७ मध्ये अ‍ॅनिमेशनच्या जोरावर पुरी झाली. खुद्द हिचहायकर्समध्येही याला समांतर घटना आहे. पिटुनियाची कुंडी ज्याच्या अनेक जन्मांपैकी एक होती, त्या अग्राजागची भूमिका २००४ च्या रेडिओ मालिकेत दिवंगत अ‍ॅडम्सच्याच आवाजात आहे. दिग्दर्शक डर्क मॅग्जने अ‍ॅडम्सने केलेल्या ग्रंथवाचनाच्या मुद्रणातून तो आवाज घेतला आणि आर्थर झालेल्या सायमन जोन्सने त्याला उत्तरे दिली.

कायद्याच्या दृष्टीने अशी कलाकृती नाजूक जागी उभी असते. संहितेचा हक्क लेखकाच्या वारसांकडे, ध्वनिमुद्रणाचा प्रसारकाकडे, नटांचे हक्क वेगळे, आणि शीर्षकसंगीत तर ईगल्स या अमेरिकन बँडचे. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१४ पासून विडंबन आणि अनुकरणात्मक रचनांना मर्यादित सवलत मिळाली आहे. अमेरिकेत ‘फेअर यूज’ आणि भारतात १९५७ च्या कायद्याचे कलम ५२ आहे. पण मूळ ध्वनी अखंड वापरणाऱ्या चित्रपटाला या सवलती लागू पडतीलच असे नाही. म्हणून यांतले बहुतेक चित्रपट विनामूल्य दाखवले जातात आणि श्रेयनामावलीत मूळ लेखक, नट व बीबीसी यांचा उल्लेख असतो. अ‍ॅडम्सच्या संहितेचे हक्क ब्रिटनमध्ये २०७१ अखेरपर्यंत, तर भारतात २०६१ अखेरपर्यंत कायम आहेत.