मोठ्याला वाट, धाकट्याला मज्जाव

पोटॅशियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, सोडियमच्या आयनापेक्षा मोठा असतो. तरीही पेशीच्या पटलात काही छिद्रं अशी आहेत, की त्यांतून पोटॅशियम सर्रास जातो आणि सोडियम अडतो. चाळणीत नेमकं याच्या उलट घडतं!

मुळात छिद्रं लागतातच का? कारण पटल तेलकट आहे. त्यातल्या मेदरेणूंना पाणी आवडणारं एक डोकं आणि पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या असतात. असे रेणू पाण्यात पडले की शेपट्या आत लपवून आपसूक दुहेरी थर धरतात. या थराची जाडी असते जेमतेम ५ नॅनोमीटर. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींमधला मेद काढून पाण्यावर पसरला, तर तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला, म्हणजे थर दुहेरी. गंमत म्हणजे मेद पुरता निघाला नव्हता आणि पृष्ठभागही कमी मोजला गेला होता. दोन चुकांनी एकमेकींना खोडलं आणि निष्कर्ष बरोबर आला.

ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड हा थर सहज ओलांडतात. आयनांचं तसं नाही. त्यांना चहूबाजूंनी पाण्याचे रेणू बिलगलेले असतात आणि ते सोडून तेलात शिरणं ऊर्जेच्या हिशेबात परवडत नाही. म्हणून त्यांच्यासाठी प्रथिनांच्या वाटा असतात. पोटॅशियमच्या अशा एका वाटेची रचना रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये उलगडली आणि कोडं सुटलं. वाटेच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेले आहेत, की पाणी सोडून आत आलेल्या पोटॅशियमला पाण्यातल्यासारखाच आधार मिळतो. सोडियम लहान, त्याला सगळ्या बाजूंनी तो आधार पोचत नाही, मग तो पाण्याला कशाला सोडेल? वाट अशी निवडक असूनही तिच्यातून सेकंदाला कोट्यवधी आयन जाऊ शकतात.

अर्थात या वाटा फक्त उताराच्या, म्हणजे आयन जास्त असतील तिथून कमी असतील तिकडे जाण्याच्या. चढावर न्यायला पंप हवा. तो येन्स स्को यांना १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत सापडला. पेशीचं इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्चून हा पंप ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहतो, आणि बाहेरचा सोडियम आत यायला टपलेला असतो.

लहान आतड्यातलं एक प्रथिन याचाच फायदा घेतं. सोडियम आत येताना ते ग्लुकोजलाही सोबत आणतं आणि त्यांच्यामागून पाणी येतं. कॉलऱ्यात जुलाबांनी शरीर कोरडं पडत असतानाही हे प्रथिन काम करत राहतं. म्हणून जलसंजीवनीत मीठ आणि साखर दोन्ही घालतात. मात्र प्रमाण पाळायला हवं. साखर फार झाली तर पाणी उलट आतड्याच्या पोकळीत ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.