कार्बनची अपरूपे आणि धातू

एकाच मूलद्रव्याचे अणू निरनिराळ्या तऱ्हेने जोडले गेले, की गुणधर्मांनी वेगळे पदार्थ तयार होतात. त्यांना त्या मूलद्रव्याची अपरूपे म्हणतात. हिरा, ग्राफाइट, ग्राफीन आणि फुलरीन ही कार्बनची अपरूपे होत.

मुंबईच्या झवेरी बाजारात सोन्याची गलाई करणाऱ्यांकडे (यांत सांगलीच्या विटा-आटपाडी भागातले पुष्कळ) कार्बन आणि धातू एकाच भट्टीत दिसतात. सोने १०६४° से.ला वितळते. ज्या मुशीत ते वितळते ती ग्राफाइट आणि चिकणमातीची असते. ३६००° से.पर्यंत ग्राफाइटला काही होत नाही आणि सोन्याचा रस त्याला चिकटत नाही. भट्टीतल्या हवेने मात्र ते थोडेथोडे जळते, म्हणून मूस वापरून वापरून पातळ होते.

ग्राफाइटमधला प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांशी बांधलेला असतो. त्यातून षटकोनांचे पापुद्रे बनतात. पापुद्र्यातल्या शेजारी अणूंमधले अंतर ०.१४२ नॅनोमीटर, तर दोन पापुद्र्यांमधले ०.३३५; म्हणून ते एकमेकांवरून सहज घसरतात. अणूमागे उरलेला चौथा इलेक्ट्रॉन पापुद्र्यात मोकळा फिरतो आणि वीज वाहते. लोकलच्या टपावरच्या पेंटोग्राफला (तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याला) कार्बनची पट्टी लावतात ती याच दोन गुणांसाठी. वरच्या तांब्याच्या तारेऐवजी पट्टी झिजते, आणि पट्टी बदलणे सोपे. शिसपेन्सिलीतही हेच पापुद्रे कागदावर उतरतात. तिच्यात शिसे नसते, नाव तेवढे राहिले आहे.

हिऱ्यात चारही इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले असतात. वीज वाहायला कोणी मोकळा नाही, पण अणूंच्या घट्ट जाळीतून त्यांची कंपने वेगाने जातात, त्यामुळे उष्णता तांब्याच्या चार-पाच पट वाहते. खरा हिरा ऐरणीवर घण सोसतो ही समजूत चुकीची आहे. काठिण्य म्हणजे ओरखडा न उठणे. घाव बसला तर हिरा ठरावीक प्रतलांत चिरतो, आणि पैलू पाडण्यापूर्वी कारागीर पूर्वी त्याचाच फायदा घेत.

घण सोसते ते सोने. सोने, चांदी आणि तांबे यांत प्रत्येक अणूला १२ शेजारी असतात आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन सगळ्यांचे सामाईक. थर सरकले तरी बंध तुटत नाहीत, म्हणूनच १ ग्रॅम सोन्याची सुमारे २ किमी तार ओढता येते. इतक्या मऊ धातूचा दागिना वाकतो, त्यामुळे २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोने ठेवून बाकी तांबे-चांदी मिसळतात. तांब्याचे लहान अणू थरांच्या घसरणीला आडवे येतात. हॉलमार्कवरचा ९१६ हा आकडा याच प्रमाणाचा.

६० अणूंच्या फुटबॉलसारखे फुलरीन १९८५ मध्ये सापडले. ग्राफाइटचा एकच पापुद्रा, म्हणजे ग्राफीन, २००४ मध्ये साध्या चिकटपट्टीने सोलून वेगळा करण्यात आला.