पाटीवर काय लिहायचं? खान्देशातल्या मुलांच्या निवासी उपचारांची आणि गावच्या आधाराची पार्श्वभूमी

खान्देशात हाताबाहेर गेलेल्या पोराला अजूनही एकच धमकी मिळते: "तुले रिमांडमा टाकी दिसू." 'रिमांड होम' हा शब्द १९८६च्या बाल न्याय कायद्याने मोडीत काढला आणि त्या जागी 'निरीक्षणगृह' आणलं. कायदा त्यानंतर दोनदा नव्याने लिहिला गेला, पण तोंडातला शब्द हलला नाही. व्यसनात किंवा मारामारीत अडकलेल्या मुलांसाठी कुठेही निवासी उपचाराची सोय होणार म्हटलं की गावाच्या मनात आधी हा शब्द येतो आणि मग वर्गणीचा विचार. म्हणून या विषयाची पार्श्वभूमी बरीचशी नावांचीच पार्श्वभूमी आहे.

जुना भाग थोडक्यात. १८७६ आणि १८९७च्या रिफॉर्मेटरी स्कूल कायद्यांनी अल्पवयीन आरोपीला तुरुंगाऐवजी सुधारशाळेत पाठवण्याची वाट काढली. मुंबई इलाख्याचा स्वतंत्र बालक कायदा १९२४चा. खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६मध्येच झाले होते. १९४८मध्ये नवा मुंबई बालक कायदा आला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत एक रचना रुजली. नियम आणि अनुदान सरकारचं, रोजचा कारभार मात्र नोंदणीकृत स्थानिक संघटनेचा. तिच्यात अधिकारी पदसिद्ध, आणि सोबत वकील, व्यापारी, शिक्षक अशी गावची मंडळी. लोकांचा हात या कामाला लागला तो इथून.

याच काळातल्या दोन गोष्टी खान्देशाच्या मनात एकमेकींविरुद्ध उभ्या आहेत. एक, अमळनेरचं छात्रालय. १९२४ ते १९३० या वर्षांत तिथल्या शिक्षकाने, साने गुरुजींनी, मुलांची सेवा कशी केली, हे इथे कुणाला सांगायला नको. घरापासून दूर राहून मूल घडतं, हा विश्वास या मातीत त्यामुळे आहे. दुसरी गोष्ट १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची. त्या कायद्याच्या पुढच्या आवृत्त्यांत आईबापांपासून मुलं वेगळी काढून सुधारशाळेत ठेवण्याची तरतूद होती. तो देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. पण त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या, म्हणजे विमुक्तांच्या वस्तीत आजही 'पोराला नेतो, बरं करून आणतो' असं म्हणणाऱ्या माणसाकडे आजी संशयाने पाहते. तो संशय अडाणीपणाचा नाही, अनुभवाचा आहे. पाड्या-वस्त्यांत काम करणाऱ्याने हे धरूनच चालावं.

आता खरा गुंता. १९८६च्या कायद्यात मुलगा १६ वर्षांपर्यंत आणि मुलगी १८पर्यंत अल्पवयीन होती. २००० साली दोघांनाही १८ ही मर्यादा लागू झाली. त्याच वेळी 'बालगुन्हेगार' जाऊन 'विधिसंघर्षग्रस्त बालक' आणि 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' हे शब्द आले. २०१५चा कायदा १५ जानेवारी २०१६पासून लागू झाला आणि दोषारोप करणारे शब्द प्रक्रियेत वापरायचेच नाहीत, हे त्याने मूलतत्त्वांतच घातलं. पण कलम ४१मुळे सगळ्यात मोठा फरक पडला. मुलं ठेवणारी प्रत्येक संस्था, अनुदान घेत असो वा नसो, कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यांत नोंदवायची. अर्जानंतर महिनाभरात जास्तीत जास्त सहा महिन्यांची तात्पुरती नोंदणी, पुढे पाच वर्षांची. न नोंदवल्यास कलम ४२खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही, आणि अर्जाला होणारा दर ३० दिवसांचा उशीर हा वेगळा गुन्हा.

तेवढ्यात दुसरं दार उघडलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८पासून लागू झाला आणि त्याने 'मानसिक आजार' या व्याख्येत दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थिती घातल्या. म्हणजे व्यसनासाठी कुणाला दाखल करून उपचार करणारी जागा ही मानसिक आरोग्य आस्थापना ठरली. तिची नोंदणी वेगळ्या प्राधिकरणाकडे, तिची तपासणी वेगळी. विनानोंदणी चालवल्यास पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आणि पुढे तो वाढत ५ लाखांपर्यंत.

मग 'किशोरवयीन मुलांसाठी निवासी उपचार केंद्र' अशी पाटी लावली तर ते नेमकं काय? या नावाचा प्रकार दोन्ही कायद्यांत नाही. 'बालगृह' म्हणाल तर मूल बालकल्याण समितीच्या आदेशाने येतं, आणि सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढे उभं करावं लागतं. 'उपचार' म्हणाल तर २०१७च्या कायद्याचं, अल्पवयीनाला दाखल करण्याविषयीचं कलम ८७ लागतं. 'वसतिगृह' म्हणाल तर दोन्हीतून सुटल्यासारखं वाटतं, आणि चूक होते ती इथेच. पालकाकडून स्टॅम्पपेपरवर संमती लिहून घ्यायची, १५ वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसांच्या व्यसनमुक्ती केंद्रात कुलूपबंद ठेवायचं आणि वर्गणीदारांना 'आपलं वसतिगृह' म्हणून दाखवायचं, या पद्धतीला कायद्यात कुठेही आधार नाही. स्टॅम्पपेपर ही नोंदणी नव्हे आणि दाखल करण्याची प्रक्रियाही नव्हे.

बाल न्याय कायद्याचं कलम ५३ नोंदणीकृत संस्थेच्या पुनर्वसन सेवांत व्यसनमुक्ती आणि मानसिक उपचार मोजतं, आणि कलम ९३ व्यसनी किंवा मानसिक आजारी मुलाला योग्य ठिकाणी हलवण्याची सोय देतं. या दोन कलमांतून एक सरळ वाट निघते. राहणं बाल न्यायाखालच्या घरात, व्यसन उतरवण्याचा टप्पा दवाखान्यात, आणि परत घरात. या नोंदीचा कल या वाटेकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. एकाच छपराखाली दोन्ही करणारी केंद्रं हवीत असं म्हणणारे जाणते लोकही आहेत. शिंदखेडा किंवा धडगावहून मूल दोनदा हलवणं म्हणजे दोनदा गमावणं, हा त्यांचा मुद्दा आहे आणि तो हलका नाही.

दवाखान्याचा टप्पा टाळता का येत नाही, हे पदार्थावर अवलंबून आहे. धुळ्याकडे 'कुत्ता गोळी' म्हणून जी खपते ती अल्प्राझोलाम, झोपेच्या-चिंतेच्या गोळ्यांच्या कुळातली. ती रोज घेणाऱ्या मुलाची एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीत हळूहळू उतरवायची असते. 'इच्छाशक्तीने सुटेल' म्हणत खोलीत कोंडलेलं मूल जिवाला मुकू शकतं. पंक्चरचं सोल्यूशन, थिनर हुंगणाऱ्यात असे झटके सहसा नसतात, पण लक्ष न टिकणं, चिडचिड आणि हुंगण्याच्या भरात काळजाचे ठोके बिघडून अचानक मृत्यू, हे धोके असतात. गांज्यात झोप आणि भूक आधी बिघडते. तिघांना एकच वेळापत्रक लावलं की तिघंही बिघडतात.

कलम ८७चा सगळ्यात अवघड भाग गावाच्या आधाराशी जोडलेला आहे. अल्पवयीनाला दाखल करायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एका मानसोपचारतज्ज्ञासोबत एका मानसिक आरोग्य व्यावसायिकाने वा डॉक्टरने, स्वतंत्रपणे तपासावं लागतं. मोठ्यांपासून वेगळी जागा हवी. ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं, मुक्काम ३० दिवसांवर गेला तर लगेच पुन्हा कळवायचं, आणि मंडळाने सात दिवसांत आढावा घ्यायचा. हे कागद होतात. अडतं ते पुढच्या अटीवर: पालक किंवा पालकाने नेमलेलं माणूस पूर्ण मुक्कामभर मुलासोबत राहिलं पाहिजे. कापूस वेचणीच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून पुढे, ज्या आईची मजुरी रोजच्या वेचलेल्या किलोंवर ठरते ती तीन आठवडे शहरात कशी राहणार? मुलं अर्ध्यातून परत नेली जातात ती बहुतेक इथे. यात मुलाचा हट्ट कमी आणि मजुरीचा हिशोब जास्त असतो. गावाने केंद्राला एक खोली बांधून देण्यापेक्षा अशा एका आईच्या मजुरीची आणि जेवणाची सोय केली तर उपचार पूर्ण होण्याची शक्यता जास्त.

पण गावाचा आधार परंपरेने येतो तो धान्याने. मुष्टिफंड म्हणजे घरोघरचं मूठ-मूठ धान्य, खळ्यावरचा वाटा, सप्ताहात उरलेला शिधा. याचं गणित माहीत असावं. बाल न्याय कायद्याच्या २०१६च्या नमुना नियमांत एका मुलाला रोज ६०० ग्रॅम धान्य (१६ ते १८ वयाला ७००), १२० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. ५० मुलांच्या घराला म्हणजे रोज ३० किलो धान्य, महिन्याला ९ क्विंटल. डाळ महिन्याला १८० किलो, तेल साडेसदतीस किलो. गाव देतं दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, आणि तीही एकदम, फाल्गुन-चैत्रात. नीट उन्हं न दिलेली दादर पोत्यातच भिंतीला टेकवून ठेवली तर श्रावणाच्या आत सोंडे लागतात आणि 'आम्ही दिलेलं धान्य फेकलं' ही तक्रार गावभर होते. कडकडीत वाळवून, फळीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर थप्पी लावली आणि दर गावाचा महिना ठरवून दिला की हा प्रश्न मिटतो. डाळ आणि तेल कुणी आपणहून देत नाही; ते मागावं लागतं.

इमारतीबाबत तसंच. त्याच नियमांत ५० मुलांसाठी २५-२५ची दोन शयनगृहं, प्रत्येकी १,००० चौरस फूट. दहा मुलांमागे एक न्हाणीघर, सात मुलांमागे एक संडास. समुपदेशनासाठी १२० चौरस फुटांची वेगळी खोली. वर्गणीतून सभागृह उभं राहतं, कारण त्यावर नाव कोरता येतं. समुपदेशनाची खोली मागे राहते आणि मुलाशी बोलणं कोठारात, पोत्यांच्या मधे होतं. दाराशी स्वयंपाकी येत-जात असताना कुठलं मूल घरातलं सांगेल? बोलीचाही प्रश्न आहेच. 'काय व्हयनं भाऊ?' असं अहिराणीत विचारणारं किंवा पावरी जाणणारं माणूस असेल तर पहिल्या आठवड्यात जे कळतं, ते प्रमाण मराठीतल्या छापील प्रश्नावलीने कळत नाही.

मोबाइल आल्यापासून आधाराची नवी रीत पडली आहे: वाढदिवसाचं जेवण. केक, मुलांच्या रांगा, फोटो आणि गटावर संदेश. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, चित्र किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दात्याला हे अपमानासारखं वाटतं. म्हणून जेवण लागण्याआधी, देणगी घेतानाच सांगितलेलं बरं. फोटो हवाच तर ताटांचा काढा, कोठीचा काढा. एका फोटोमुळे चोपड्याचा मुलगा अमळनेरच्या शाळेत ओळखला गेला तर त्याची ती शाळाही तिथेच संपते.

सुट्टीचा वाद जवळजवळ दरवर्षी होतो आणि तो आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा असतो. कलम ९८ परीक्षा, नातलगाचं लग्न, मृत्यू, गंभीर आजार अशा कारणांसाठी, प्रवास सोडून साधारण सात दिवसांपर्यंत रजा देतं. सण त्या यादीत नाही. पण खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि 'पोरगं सणाला घरी नाही' हे आईला सहन होत नाही. त्याच दिवसांत ओट्याओट्यावर पत्त्यांचे डाव बसतात, बाटली फिरते. तीन महिने व्यसनातून सुटलेलं मूल तीन दिवसांत परत तिथेच, हे ज्यांनी पाहिलं ते रजा नाकारतात. सरसकट नाकारणं मात्र बरोबर नाही. काही गावांनी उलटं केलं तर चालतं: घरच्यांनाच केंद्रात बोलवायचं, सांजोऱ्या तिथेच करायच्या, झोका तिथल्याच झाडाला.

२००९-१०च्या केंद्रीय बालसंरक्षण योजनेनंतर गावोगाव बालसंरक्षण समित्या आल्या, सरपंच अध्यक्ष. बऱ्याच ठिकाणी त्या फलकापुरत्या आहेत. त्यांचं खरं काम मूल परत आल्यावरचं. अंगणवाडीताई आणि पोलीस पाटील यांनी पहिल्या महिन्यात आठवड्याला एकदा घरी जाणं, गोळ्या चालू आहेत का बघणं, आणि अल्पवयीनाला दारू-तंबाखू देणाऱ्या टपरीवाल्याला कलम ७७ची आठवण देणं: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड.

१८ पूर्ण झालेल्यांसाठी कलम ४६ अनुरक्षण, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरचा आधार सांगतं, २१ वर्षांपर्यंत. केंद्राच्या योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये आहेत. जळगावात एका मुलाची खोली, खाणावळ आणि एसटीचा पास धरला तर एवढ्यात तोंडमिळवणी होत नाही. जिनिंगमध्ये, ठिबकच्या कामात, गॅरेजात पहिले सहा महिने शिकाऊ म्हणून घेऊन खोलीभाडं भरणारा एक मालक तालुक्याला मिळाला तर ते चालतं. मालकाने आगाऊ पैसे हातात न देता भाडं थेट घरमालकाला द्यावं आणि पगार आठवड्याला, शनिवारी न करता सोमवारी करावा.