गोव्याचा इतिहास कोणी कसा वाचला

गोव्यात एखाद्या देवळाचा, घराण्याचा किंवा गावाचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसापुढे सुरुवातीलाच एक अडचण उभी राहते. साधने पुष्कळ आहेत, पण ती पोर्तुगीज, मोडीतली मराठी, जुनी कन्नड, गोयकानडी (गोव्यात चालणारी कानडी वळणाची जुनी लिपी) आणि रोमी लिपीतली कोकणी अशी विखुरलेली आहेत. हे सगळे वाचू शकणारा माणूस विरळा. त्यामुळे इथल्या प्रत्येक अभ्यासकाने आपल्याला जे वाचता येते तिथून सुरुवात केली आणि त्याला गोवाही त्याच बाजूने दिसला. देवस्थानांच्या स्मरणिकांत एकाच घटनेच्या दोन कहाण्या का सापडतात, पोर्तुगीज काळावरचे वाद वर्षानुवर्षे त्याच जागी का फिरतात, हे कळायचे असेल तर आधी या वाटा कुठून फुटल्या ते पाहायला हवे.

सर्वांत जुनी वाट दफ्तराची. 1595 मध्ये राजाज्ञेने गोव्यात दफ्तरखाना सुरू झाला आणि त्याची जबाबदारी दियोगु द कोउतु याच्याकडे आली. हा माणूस 1559 साली शिपाईगिरीसाठी हिंदुस्थानात आलेला. जुवांव द बार्रुश याने सुरू केलेला ‘देकादा’ नावाचा पोर्तुगीज आशियाचा इतिहास पुढे नेण्याचे काम त्याने केले. तो आजारी असताना त्यातल्या आठव्या आणि नवव्या भागाची हस्तलिखिते चोरीला गेली, तेव्हा त्याने ते भाग आठवणीतून, थोडक्यात का होईना, पुन्हा लिहून काढले. 1616 मध्ये तो गोव्यातच वारला. राजाचा नोकर असूनही त्याने इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लाचखोरीवर कठोर लिहिले, हे मला त्याच्याविषयी विशेष वाटते.

पण दफ्तर सरकारचे होते, आणि काय जपायचे तेही सरकारच ठरवत होते. लिस्बन आणि गोवा यांच्यात मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांतून दरवर्षी जो पत्रव्यवहार होई, त्याच्या बांधीव पुस्तकांना ‘मोन्सांव’ची पुस्तके म्हणतात. गोव्याच्या पुराभिलेखागारातला हा सगळ्यात मोलाचा ठेवा. त्यातले सतराव्या शतकाच्या पूर्वार्धाचे 62 खंड 1777 मध्ये लिस्बनला नेण्यात आले आणि तिकडेच राहिले. म्हणजे ज्या काळात आदिलशाही, मोगल, डच आणि पोर्तुगीज यांची या किनाऱ्यावर सर्वांत गुंतागुंतीची ओढाताण चालली होती, त्याच काळाची मूळ पत्रे पाहायला गोव्याच्या अभ्यासकाला समुद्र ओलांडावा लागतो, नाहीतर छापील प्रतींवर विसंबावे लागते.

छापण्याचे हे काम इथे ज्याने मोठ्या प्रमाणावर केले तो जुआकीं एलियोदोरु द कुन्य रिव्हारा. पोर्तुगालमधल्या एव्होरा शहरातल्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेला हा गृहस्थ 1855 मध्ये गोवा सरकारचा मुख्य सचिव म्हणून आला. 1857 पासून पुढची जवळजवळ वीस वर्षे त्याने ‘आर्किव्हु पोर्तुगेझ ओरिएंताल’ या मालेत राजाज्ञा, धर्मपरिषदांचे ठराव आणि पत्रे मूळ शब्दांत छापली. स्वतःचे मत मागे ठेवून कागद पुढे करण्याची त्याची शिस्त पुढच्या प्रत्येक अभ्यासकाच्या उपयोगी पडली, देवळे पाडल्याचा पुरावा शोधणाऱ्यांच्याही. या शिस्तीची एक मर्यादा मात्र होती. हुकूम देणाऱ्याचा आवाज त्यात स्पष्ट येतो. ज्याच्यावर हुकूम बजावला गेला त्याचा आवाज क्वचितच ऐकू येतो.

तो ऐकू यावा म्हणून दफ्तर वेगळ्या नजरेने वाचणारा माणूस सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ले गावचा निघाला. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांचा जन्म 1894 चा. 1930 च्या आसपास ते गोव्याच्या ऐतिहासिक दफ्तराचे प्रमुख झाले आणि पोर्तुगीज राजवट संपेपर्यंत त्या कागदांबरोबर राहिले. त्यांची पद्धत सांगायला सोपी, करायला अवघड. मराठी बखरी आणि कागदपत्रे एका हाताशी, पोर्तुगीज पत्रे दुसऱ्या हाताशी, आणि दोन्ही एकमेकांवर ताडून पाहायची.

नोव्हेंबर 1683 मधली संभाजी महाराजांची गोव्यावरची स्वारी घ्या. मराठ्यांनी जुवे बेट घेतले, ते परत मिळवायला गेलेला व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट जेमतेम वाचला आणि अखेर त्याने आपला अधिकारदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी ठेवून रक्षणाची प्रार्थना केली. मोगल सैन्य कोकणात उतरल्यामुळे मराठे मागे फिरले. ही घटना एका बाजूने वाचली तर चमत्काराची कथा होते, दुसऱ्या बाजूने वाचली तर नुसती पराक्रमाची. राज्यकारभाराच्या कागदांत दिसते ती घाबरलेली राजधानी, रिकामा खजिना आणि मोगलांकडे लागलेले डोळे. पोर्तुगीज आणि मराठे यांच्यावरचे पिसुर्लेकरांचे लेखन आधी पोर्तुगीजमध्ये प्रसिद्ध झाले आणि 1967 मध्ये पुणे विद्यापीठाने ते मराठीत आणले. व्हाइसरॉयच्या सल्लागार राज्यमंडळाच्या बैठकींचे वृत्तांत त्यांनी 1953 ते 1957 या काळात पाच खंडांत संपादित केले.

माझ्या मते त्यांचे सर्वांत मौलिक पुस्तक 1952 चे आहे. पोर्तुगीजांची राजनीती प्रत्यक्षात चालवणारे वकील, दुभाषी आणि हेर कोण होते, याचा त्यांनी त्यात शोध घेतला. ते हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी होते. साम्राज्याच्याच कागदांतून इथल्या माणसांची नावे अशी वर काढणे हे काम हुकूमनाम्यांची छपाई करणाऱ्याला सुचण्यासारखे नव्हते. ते सुचायला पिसुर्ल्याचा माणूस लागला. त्यांचा ग्रंथसंग्रह आज गोवा विद्यापीठात आहे.

दफ्तरच जाळले गेले असेल तर काय करायचे? 1560 पासून, मधला थोडा खंड सोडता, 1812 पर्यंत गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, चालले आणि ते बंद झाल्यावर त्याचे बहुतेक कागद नष्ट करण्यात आले. प्रियोळचे अनंत काकबा प्रियोळकर मूळचे भाषा आणि पाठचिकित्सेचे अभ्यासक. एका काव्याच्या अनेक पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवण्याची सवय त्यांनी या विषयालाही लावली: कैदेतून सुटलेल्या शार्ल देलों या फ्रेंच डॉक्टरची हकीकत, रिव्हाराने छापलेले हुकूम, इतर प्रवाशांची टिपणे. 1961 मध्ये आलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा आज घोषणेसारखा वापर होतो याचे वाईट वाटते, कारण पुराव्याच्या प्रत्येक तुकड्याचे वजन कसे करावे हे त्यात शिकण्यासारखे आहे.

मुंबईत वैद्यकी करणारे हडफड्याचे जुझे जेर्सन द कुन्य हे आणखी वेगळे. नाणी जमवायची, पोथ्या जमवायच्या. 1877 मध्ये त्यांनी सह्याद्रिखंडाची, म्हणजे स्कंदपुराणाचा भाग मानल्या जाणाऱ्या ग्रंथाची, छापील आवृत्ती काढली. परशुरामाने वसवलेल्या गावांच्या आणि कुळांच्या ज्या कथा आज स्मरणिकांतून फिरतात, त्यांतल्या अनेक याच आवृत्तीवरून उचललेल्या असतात. मुंबई, पुणे, कारवार किंवा मंगळूरहून कुलदेवतेच्या शोधात येणारी कुटुंबे बहुधा इथूनच सुरुवात करतात. त्यात गैर काही नाही, मात्र पुराण ज्या काळात रचले गेले त्या काळातल्या मानपानाच्या भांडणांचा तो पुरावा आहे, गाव वसल्याच्या तारखेचा नव्हे. पोर्तुगीजांनी देवळे पाडली तेव्हा देव हलवल्याची माहिती हवी असेल तर जमिनीच्या नोंदी जास्त बोलतात. पाडलेल्या देवळांच्या जमिनी कोणाकडे गेल्या ते सोळाव्या शतकातल्या महसुली याद्यांत आहे. 1595 मध्ये फ्रान्सिस्कु पाइश याने तिसवाडी, साष्टी आणि बार्देशसाठी केलेली यादी त्यांतलीच. रुई गोमिश परेरा यांनी 1978 मध्ये देवळांवर पुस्तक लिहिले ते अशा नोंदी चाळून.

गाव समजून घ्यायचे तर गावकरीकडे, म्हणजे गावकारांच्या सामाईक जमिनीच्या आणि कारभाराच्या संस्थेकडे, वळावे लागते. 1526 मध्ये आफोंसु मेशिया याने गावकारांचे हक्क लेखी केले. त्या दस्तऐवजातच गावकारांचे पूर्वज पडीक जमीन लागवडीखाली आणणारे म्हणून येतात. 1852 मध्ये फिलिप नेरी शाव्हिएर यांनी कोमुनिदादींवर (गावकरीचे पोर्तुगीज नाव) मोठा ग्रंथ लिहिला, तोही कारभाराची गरज म्हणून. तेवतोनियु द सौझा यांनी 1979 च्या आपल्या पुस्तकात गोव्याची गोष्ट व्हाइसरॉयकडून काढून शेतकऱ्याकडे नेली. खाजनांचे (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनींचे) बांध, मानशींची (पाणी अडवणाऱ्या दारांची) देखभाल, मठांनी विकत घेतलेली शेते, कराचा भार हे त्यांचे विषय. त्याच वर्षी सुरू झालेल्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. गावकरीच्या गोयकानडीतल्या जुन्या नोंदी वाचून गजानन घांटकर यांनी 1993 मध्ये ग्रंथ काढला. ही लिपी वाचू शकणारे आज फारच थोडे उरले आहेत, आणि मला वाटते गोव्याच्या विद्यापीठाने नव्या संशोधकाला पोर्तुगीजच्या बरोबरीने ती शिकवायला हवी.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी कागदालाच एकमेव पुरावा मानायचे नाकारले. त्यांचे वडील साखवाळचे. दामोदर यांचा जन्म 1907 चा, व्यवसाय गणिताचा. नाणे हातोहात फिरताना झिजते, म्हणून एकाच साठ्यातल्या नाण्यांची वजने काटेकोर मोजली तर कोणते आधीचे, कोणते नंतरचे याचा क्रम लावता येतो, हे त्यांनी संख्याशास्त्राने दाखवले. पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवून त्यांनी सूक्ष्म दगडी हत्यारे गोळा केली, गुराख्यांच्या वाटा आणि गावाबाहेरच्या देवींची ठाणी जोडून पाहिली. जुन्या काबिजादीतल्या (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तिसवाडी, साष्टी, बार्देश या मुलखातल्या) गावकरीवरचा त्यांचा लेख या नजरेमुळेच वेगळा झाला. गावची वहिवाट, जमिनीचे वाटे आणि देऊळ यांचा मेळ ते जिवंत व्यवहारातून लावतात. ग्रंथ वाचायचे आणि मग शेताच्या बांधावर जाऊन ते तपासायचे, हा त्यांचा आग्रह होता.

सांगे, केपे, काणकोण, सत्तरी या तालुक्यांना हीच वाट लागू पडते. हा मुलूख पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकात आला, त्यामुळे त्याआधीचे पोर्तुगीज दफ्तर इथल्या गावांच्या आत फारसे शिरत नाही. जे आहे ते वीरगळांत, सतीशिळांत, ताम्रपटांत आणि बायकांच्या धालो नाचाच्या गाण्यांत. कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर कोरलेली बैल, हरणे, माणसे आणि चक्रव्यूह 1993 मध्ये अभ्यासकांपर्यंत पोचले ते स्थानिक लोकांनी सांगितले म्हणून. यातला बराच भाग खाणींचा पट्टा आहे. डोंगर गेला की त्याच्यावरची देवराई, पाझर आणि पायवाटही जाते, आणि तिथली नोंद कुठल्याच दफ्तरात नसते. म्हणून सत्तरी-सांग्यातल्या तरुणांनी आपल्या वाड्यावरच्या वीरगळांची, तळ्यांची, राखणदाराच्या जागांची छायाचित्रे आणि नावे आजीआजोबांना विचारून आताच लिहून ठेवावीत. ती कोणत्या शतकातली, हे नंतर ठरवता येईल.