नैसर्गिक व्याजदराची पार्श्वभूमी : विक्सेल ते रिझर्व्ह बँक

व्याजदर चढा की उतरता, हे ठरवायला मोजपट्टी लागते. ती स्वीडनचे अर्थतज्ज्ञ क्नुट विक्सेल यांनी १८९८ मध्ये दिली. नव्या भांडवलावर ४ टक्के परतावा सुटतो आणि बँका ३ टक्क्यांनी कर्ज देतात, असे धरा. उद्योजक कर्ज काढत राहतात, मजूर आणि माल यांची मागणी वाढते आणि ही तफावत मिटेपर्यंत किमती चढतच राहतात. ज्या दराला किमती स्थिर राहतात, तो नैसर्गिक दर.

तो मध्यवर्ती बँक ठरवत नाही. बचत आणि गुंतवणुकीतून तो ठरतो. फ्रँक रॅम्से यांच्या १९२८ च्या मांडणीवर उभ्या राहिलेल्या सूत्राचे सोपे रूप असे : लोकांची अधीरता (उद्यापेक्षा आज खर्चण्याची ओढ) १ टक्का आणि दरडोई वाढ २ टक्के, तर दीर्घकालीन वास्तव दर, म्हणजे महागाई वजा करून उरणारा दर, सुमारे ३ टक्के. वाढ निम्मी झाली, की दर २ वर येतो.

तरीही जॉन टेलर यांनी मध्यवर्ती बँकेने व्याजदर किती ठेवावा हे सांगणाऱ्या १९९३ च्या आपल्या नियमात हा दर २ टक्के, तोही कायमचा, धरला होता. तो सरकतो हे थॉमस लाउबाख आणि जॉन विल्यम्स यांनी २००३ मध्ये अमेरिकेच्या आकड्यांवरून दाखवले. उत्पादन, महागाई आणि अल्पकालीन व्याजदर घेऊन काल्मन फिल्टर या संख्याशास्त्रीय तंत्राने न दिसणारा दर शोधायचा, ही त्यांची रीत. तिची दुखरी नस म्हणजे त्रुटीचा मोठा पट्टा. व्याजदर हलवूनही उत्पादन फारसे हलत नसेल, तर आकडेवारीतून काही धड निघतच नाही. करोनाकाळात टाळेबंदीची अचाट घसरण या गणितात बसेना. न्यूयॉर्क फेडने (अमेरिकी मध्यवर्ती बँकेची न्यूयॉर्क शाखा) हे अंदाज २०२० च्या अखेरीस थांबवले, ते २०२३ मध्ये सुधारून पुन्हा सुरू केले.

१९८० च्या दशकापासून जगभर वास्तव दर सुमारे साडेचार टक्के-बिंदूंनी उतरले. बँक ऑफ इंग्लंडच्या २०१५ च्या अभ्यासाने त्यातील चारांचा हिशेब लावला : मंदावलेली वाढ १, लोकसंख्येची बदलती रचना ०.९, सुरक्षित रोखे आणि भांडवलावरील परतावा यांतले वाढलेले अंतर ०.७, स्वस्त झालेली यंत्रसामग्री ०.५, उरलेला भाग विषमता, उदयोन्मुख देशांची बचत आणि घटलेली सरकारी गुंतवणूक यांचा. आपण उत्पादकतेकडेच बोट दाखवतो, पण हिशेब लागलेल्या घसरणीतला तीन चतुर्थांश भाग इतर कारणांचा आहे, हे ठसवून सांगायला हवे.

भारतात रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२१-२२ च्या तिसऱ्या तिमाहीसाठी नैसर्गिक दराचा ०.८ ते १ टक्का हा अंदाज दिला होता. जुलै २०२४ च्या बुलेटिनात, २०२३-२४ च्या चौथ्या तिमाहीसाठी, तो १.४ ते १.९ झाला, कारण संभाव्य वाढ सुधारली. या पट्ट्याचे वजन हिशेबात दिसते. तेव्हा रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, साडेसहा होता आणि २०२४-२५ चा महागाईचा अंदाज साडेचार, म्हणजे वास्तव दर २ टक्के. जुन्या अंदाजाने धोरण फार कडक ठरते, नव्याने जेमतेम. ऑगस्ट २०२४ मध्ये रेपो ठरवणाऱ्या पतधोरण समितीतील आशिमा गोयल आणि जयंत वर्मा यांनी पाव टक्का कपातीला मत दिले. उरलेल्या चौघांनी रेपो होता तिथेच ठेवला.